संगणकाचे तापणे व शीतन

संगणकाचे तापणे व शीतन : संगणकातील विद्युत् घटकांत निर्माण होणारी उष्णता पुरेशी बाहेर न पडल्यामुळे त्याचे कार्य मंदावणे किंवा अकस्मात बंद पडणे, या दोषास संगणक तापणे असे म्हणतात. संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे.

अमेरिकेतील एनिॲक (१९४६) या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सु. २,७०० नलिका होत्या. नलिकेतील तंतू सतत तापलेला ठेवावा लागे, म्हणजे आकडेमोड चालू असो वा नसो, उष्णता निर्माण होतच राही. ट्रँझिस्टरामुळे तंतू नाहीसा झाला आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. १९८१ च्या आयबीएम व्यक्तिगत संगणकातील ८०८८ या प्रक्रियकाला स्वतःचा पंखा नव्हता. १९९३ च्या पेंटियमपासून मात्र धातूच्या पट्ट्यांचा उष्णताशोषक व त्यावर पंखा ही जोडी रूढ झाली. २००४ पर्यंत पेंटियम-४ चा उष्णताभार १०० वॉटांपलीकडे गेला. केवळ वेग वाढवीत राहण्याचा मार्ग तेथेच खुंटला व एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्याकडे उद्योग वळला. यामागे बुद्धिमत्तेची उणीव नसून उष्णतेची मर्यादा होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

सोलापुरात या दोषाला विशेष अनुकूल परिस्थिती आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४०° से. च्या पुढे जाते. पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये निघाल्यापासून हे सुताचे शहर आहे; पुढे गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमागांवर चादरी व टॉवेल विणले जातात. चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेने उमटते, तिचे छिद्रित पुठ्ठे संगणकाच्या छिद्रपत्रांचे पूर्वज होत. आज नक्षीची आखणी संगणकावर होऊ लागली आहे. परंतु मागाजवळच्या खोलीत हवेबरोबर कापसाचे बारीक तंतूही आत ओढले जातात. साधी धूळ पट्ट्यांवर बसते, तर तंतू पट्ट्यांमधील फटींवर नमद्यासारखा थर धरतात.

परिणामाचे गणित सोपे आहे. प्रक्रियकाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक शक्ती व औष्णिक रोध यांचा गुणाकार. शक्ती ६५ वॉट व रोध दर वॉटला ०·५° से. धरल्यास वाढ ३२·५° होते : २५° च्या खोलीत प्रक्रियक ५७·५° वर, तर ४२° च्या खोलीत ७४·५° वर राहील. तंतूंच्या थराने रोध ०·९ झाल्यास त्याच उन्हाळ्यात तापमान १००·५° होईल. त्याआधीच बहुतेक प्रक्रियक स्वतःचा वेग कमी करतात व शेवटी यंत्र बंद करतात. यंत्र हिवाळ्यात नीट चालून मे महिन्यात दुपारीच बंद पडते, याचा उलगडा यातून होतो. भारनियमनाच्या काळात आणखी एक अडचण येई : संगणक विद्युत् घटावर चाले, पण छताचा पंखा थांबे.

दोषशोधनात प्रथम यंत्राच्या मूलभूत आज्ञावलीतील तापमान पाहतात. यंत्र थंड असतानाच बंद पडत असेल, तर दोष विद्युत् पुरवठ्यात अथवा अन्यत्र शोधावा. अन्यथा वीज तोडून पेटीची बाजू उघडतात व मऊ कुंचल्याने किंवा कोरड्या हवेच्या झोताने पट्ट्या साफ करतात. या वेळी पंख्याची पाती बोटाने धरावी लागतात. झोताने ती अतिवेगाने फिरल्यास धारवा बिघडू शकतो. पंखा हाताने सहज फिरतो की अडखळतो, हेही तेव्हाच कळते. त्यानंतरही तापमान उतरले नाही, तर प्रक्रियक व उष्णताशोषक यांमधील वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा पातळ थर देतात. जाड थर उलट रोध वाढवितो. पेटी कायम उघडी ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. तिने हवेचा ठरलेला मार्ग मोडतो आणि तंतू अधिक शिरतात.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असल्याने वाळ्याच्या पडद्याचा किंवा पाण्याचा शीतक खोलीचे तापमान बरेच उतरवितो. त्याचा दमट झोत थेट पेटीवर घेऊ नये, कारण ओलसर तंतू पट्ट्यांना चिकटून बसतात. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने तो फारसा उपयोगी पडत नाही.