दिनविशेष : १२ डिसेंबर
पागनीसांचे तुकोबा

१२ डिसेंबर १९३६ रोजी दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ हा ‘प्रभात’चा बोलपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात प्रदर्शित झाला व वर्षाहून अधिक काळ चालला, पुढील साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. नाताळ आला की १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधील जेम्स स्ट्युअर्टला पुन्हा पाहण्याची जी वहिवाट पाश्चात्त्य कुटुंबांत पडली आहे, तीच आषाढीच्या सुमारास अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कित्येक मराठी घरांत विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांना लाभली, आणि ती केवळ भाविकतेपोटी नव्हे. मूल आजारी पडताच हाती पायताण घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळाकडे तरातरा निघालेली गौरीची जिजाई जितकी प्रक्षुब्ध, तितकेच हे तुकोबा शांत; परंतु त्या शांतीत तिच्या रास्त तगाद्याविषयी तुच्छतेचा लवलेशही नाही, आणि या अभिनयाचे मर्म मला तेथेच दिसते. घरखर्चाची तोंडमिळवणी करता करता थकलेल्या उपनगरी दांपत्याला त्या दोघांतही आपली ओळख पटते. साधुत्वाचे इतके निर्व्याज रूप मराठी पडद्यावर पुन्हा उमटलेले नाही.