थाळीचा नाद आणि औषधाची बाटली

व्यापारविषयक अर्वाचीन ग्रंथांत ‘गनिमी जाहिरात’ या नावाचा एक प्रकार वर्णिलेला आढळतो. जे कॉनरॅड लेव्हिन्सन या अमेरिकन लेखकाने १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून हा शब्द बाजारात रुळला. आशय असा की, ज्याच्यापाशी द्रव्यबळ नाही त्याने मोठ्या व्यापाऱ्याशी उघड्या मैदानात झुंजू नये. गिऱ्हाइकास त्याच्याच वाटेवर अवचित गाठावे, आणि ती गाठ त्याच्या मनात घर करून राहील असे काही करावे. गनिमी काव्याचा पाठ महाराष्ट्राने सातासमुद्रांपलीकडून घ्यावा, याची आम्हांस प्रथम गंमत वाटली. पुढे पनवेलच्या पंचक्रोशीचा विचार मनात आला, तेव्हा गमतीची जागा कुतूहलाने घेतली.

पनवेल हे मूळचेच वाटेवरचे गाव. मुंबईहून मचवे खाडीने वर येत, उतारू येथे उतरत आणि पुढे घाटाची वाट धरीत. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांस खुला झाला, तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. आगगाडी १८६३ साली घाट चढली ती मात्र कर्जतच्या बाजूने, पनवेलला वगळून. तरीही पुण्याची व गोव्याची वाट जेथे फुटते ते पळस्पे जवळच, आणि गोव्याच्या वाटेवर थोडे पुढे गेले की शिरढोण. या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. कर्नाळ्याची किल्लेदारी करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा पुढे पुण्यास सरकारच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला.

कारकुनाच्या पगारात सभा भरवावयाची कशी? वासुदेव बळवंतांनी घरातली थाळी उचलली. पुण्याच्या गल्लीबोळांतून ती वाजवीत हिंडावयाचे, आज संध्याकाळी शनिवारवाड्यापुढे व्याख्यान आहे असे ओरडून सांगावयाचे, आणि संध्याकाळी तेथे जाऊन ते व्याख्यान स्वतःच द्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. दवंडी आपल्या लोकांस नवी नव्हती. पण दवंडी पिटणारा निराळा आणि जिच्या नावाने ती पिटावयाची ती सत्ता निराळी, हा शिरस्ता. येथे वक्ताच दवंडीवाला झालेला, आणि तोही सरकारी नोकर, सरकारच्याच विरुद्ध! पांढरपेशा गृहस्थाने रस्त्यावर थाळी बडवावी हे दृश्य पाहून खिडक्या उघडल्या नसतील असे कोण म्हणेल? सुटीच्या दिवशी हाच उद्योग पनवेल-पळस्प्यापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत चाले. खर्च पायपिटीचा आणि घशाचा.

परंतु श्रोते जमणे निराळे आणि सोबती मिळणे निराळे. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा पुरुष पेटून उठला, त्याने शस्त्र हाती घेतले, तेव्हा व्याख्यानास येणारी सुशिक्षित मंडळी घरीच राहिली. बरोबर निघाले ते रामोशी. ज्यांच्या दारांवरून थाळी गेली ते आत राहिले, आणि ज्यांच्यापाशी जावयास रानावनात हिंडावे लागले ते बाहेर पडले. आमच्या वर्गाच्या भिरुत्वावर याचे सारे खापर फोडणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु आम्हांस वाटते, थाळीला जे साधते तेवढेच तिला साधले. ती कान टवकारते. ऐकून घेण्यास दोन घटका लागतात. प्राण पणास लावावयाचे तर सांगणारा माणूस अगोदर आपला झालेला असावा लागतो, आणि रामोश्यांच्या वस्तीत बसून वासुदेव बळवंत त्यांचे झाले होते.

या कथेस एक कटू शेवट आहे, तो आम्ही टाळू इच्छीत नाही. मे १८७९ मध्ये त्यांचा साथीदार दौलतराव नाईक टोळी घेऊन कोकणात उतरला आणि त्याने पळस्पे लुटले. ज्या गावी व्याख्यानासाठी श्रोते जमवावयाचे, त्याच गावी दरोड्याची हाक उठली. त्या रात्री दारे लावून बसलेल्या पळस्पेकरांना थाळी आठवली असेल काय, हे आम्ही मनाशी पुष्कळदा विचारले आहे.

पुण्यातच त्या काळी दुसरा एक गृहस्थ निराळ्या रीतीने लोकांच्या नजरेत भरत होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली स्वतः कातलेल्या सुताचेच कापड वापरण्याचा नेम घेतला, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्याच पोषाखात गेले. रेशीमजरीच्या त्या गर्दीत तो जाडाभरडा पोषाख किती बोलला असेल! स्वदेशी मालाचे व्याख्यान अंगावर घालून फिरणारा हा माणूस थाळी वाजवीत नव्हता. पण तो दररोज तेच कापड नेसत होता, आणि आमच्या मते खरी मेख तेथे आहे. वासुदेव बळवंतांवर खटला झाला तेव्हा वकील म्हणून उभे राहिले तेही हेच काका.

त्याच १८७२ साली पनवेलीस वैद्य पुराणिकांचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. त्यास नाव दिले राजापूरच्या धूतपापेश्वराचे. या धंद्यातील अडचण वरवर दिसते त्याहून खोल होती. जुना वैद्य नाडी पाही, पुडी तोच बांधी, आणि गुण न आला तर रोगी त्याच्याच ओसरीवर येऊन बसे. कारखान्याच्या बाटलीस ओसरी नाही. ती कोणी, कशी, किती निगुतीने केली हे घेणाऱ्यास दिसत नाही. भस्म नीट मारले की नाही, आसव पुरते मुरले की नाही, हे डोळ्यांनी कळण्याजोगे नव्हे. तेव्हा तुटलेली ती गाठ पुन्हा कशाने बांधावयाची? देवाच्या नावाने, हे एक उत्तर. ‘पाप धुऊन टाकणारा’ ही अक्षरे औषधाच्या बाटलीवर शोभतात, आणि नाव घेतले की शपथही डोक्यावर येते. पण नुसत्या नावावर पहिली बाटली खपते. दुसरी खपावयाची तर गावोगावच्या वैद्याने ती आपल्या रोग्यास निःशंक मनाने द्यावी लागते, कारण रागावलेला रोगी शेवटी त्याच्याच ओसरीवर येणार.

पळस्प्याच्या फाट्यावर आज जाहिरातींचे फलक इतके दाटले आहेत की, एक वाचून होण्यापूर्वी दुसरा पुढे येतो. त्यांतला एकही आम्हांस घरी पोहोचेपर्यंत आठवला नाही. वासुदेव बळवंत १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कारावासात वारले. पुराणिकांचा कारखाना अद्याप चालू आहे.