रविकिरण मंडळ आणि मित्रांची टीका

गेल्या वर्षी आम्ही एका कथालेखक-गटात सामील झालो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणची आठ मंडळी दर रविवारी संगणकाच्या पडद्यावर एकत्र येतात. एकाने आपली कथा वाचावयाची, इतरांनी तिच्यावर बोलावयाचे. शासकीय सेवेत इतरांच्या मसुद्यांवर शेरे मारण्यात आमची हयात गेली. स्वतःच्या मसुद्यावरचा शेरा ऐकण्याची पाळी साठी उलटल्यावर आली. आठ जण आणि रविवार असा योग जुळल्यावर रविकिरण मंडळाची आठवण होणे साहजिकच होते.

पुण्यात १९२३ साली हे मंडळ आकाराला आले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर आणि ग. त्र्यं. माडखोलकर ही त्यातील मंडळी. सात पुरुष आणि एक स्त्री, म्हणून सप्तर्षी व अरुंधती असा त्यांचा गौरव होई. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवी कविता वाचून दाखवावी आणि तिच्यावर बोलावे, एवढाच खटाटोप. त्याच वर्षी ‘किरण’ हा संग्रह निघाला.

मंडळ कवींचे खरे, परंतु आम्हां कथा लिहिणाऱ्यांचाही त्यावर थोडा हक्क पोहोचतो. गिरीशांचे ‘अभागी कमल’ (१९२३) आणि माधव जूलियनांची ‘विरहतरंग’ (१९२६) व ‘सुधारक’ (१९२८) ही खंडकाव्ये म्हणजे पद्यातल्या कथाच होत. माडखोलकर पुढे कादंबरीकडे वळले. त्यांची ‘मुक्तात्मा’ १९३३ ची. दिवाकर तर १९११ पासून नाट्यछटा लिहीत होते. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचे बोलणे वाचकाने ताडावयाचे असते. कवींच्या बैठकीत बसलेल्या या गद्यलेखकाचे आम्हांला विशेष अप्रूप वाटते.

कविता छापण्याआधी मित्रांच्या कानावर घालावयाची, या रिवाजाचा ठसा त्यांच्या लेखनावर दिसतो. ओळ म्हणता यावी, ऐकताक्षणी पोहोचावी, अशी तिची घडण असे. जाहीर काव्यगायनाची आवड महाराष्ट्रात रुजली ती याच मंडळींमुळे. पण कानाला गोड लागणाऱ्या ओळीला मित्र सहसा हरकत घेत नाहीत, आणि तेथेच या मंडळाचे दुबळेपण होते, असे आमचे मत आहे. ती हरकत बाहेरून आली. त्याच पुण्यात राहणाऱ्या प्र. के. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने विडंबने लिहिली आणि १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली. सारा महाराष्ट्र हसला. त्या हशात एक गोष्ट मात्र निसटते. विडंबन साधावयाचे तर मूळ कवीची लकब, त्याचे लाडके शब्द, त्याचा हळवेपणा नेमका कोठे घसरतो, हे सारे बारकाईने टिपावे लागते. अत्र्यांइतके लक्षपूर्वक या कवींना त्यांच्या स्नेह्यांनी तरी वाचले होते काय?

पुढे मंडळी पांगली. जूलियन १९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. त्यांचा जन्म बडोद्याचा, आणि १९४० मध्ये यशवंत त्याच बडोद्याचे राजकवी झाले, हे तेथील आमच्या वाचकांना सांगावयास नको. आठांपैकी चौघे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: जूलियन जळगावला (१९३६), माडखोलकर बेळगावला (१९४६), यशवंत मुंबईला (१९५०) आणि घाटे अहमदाबादला (१९५३). बेळगावच्या त्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सीमाभागातील घराघरांत ठाऊक आहे.

आमच्या पहिल्या कथेला गटातल्या सहा जणांनी ‘हृदयस्पर्शी’ म्हटले. आम्ही सुखावलो. ग्वाल्हेरच्या बाई तेवढ्या गप्प होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “कथा त्या विधवा आत्याची आहे ना? मग बारा पानांत ती एकदाही बोलत कशी नाही?” आम्ही दोन रविवार प्रकृतीचे कारण सांगून गैरहजर राहिलो. आत्या आमची सख्खी. घरात तिला कोणी बोलू दिले नव्हते, आणि कथेतही आम्ही तेच केले होते.

तिसऱ्या रविवारी आत्याच्या तोंडी चार वाक्ये घालून कथा पुन्हा वाचली. त्यांतले एक वाक्य बाईंना आत्याचे न वाटता आमचेच वाटले. ते आम्ही खोडले.