दहावा माणूस

आमच्या हिंगोलीत माझ्या पाहण्यात ज्यू घर नाही. बार मित्झवा हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात बी.एड. करताना, लाल देवळाजवळ राहणाऱ्या एका बेने इस्राएल ज्यू मैत्रिणीकडून. मुंज मात्र घरातली. धाकट्या भावाची औंढा नागनाथला लागली. भिक्षावळीत झोळी लाडवांनी भरली आणि दुसऱ्या दिवशी बटू पुन्हा गल्लीत विटीदांडू खेळायला हजर. त्याच्या मुंजीने कोणाचं काही अडलं नाही की सुटलं नाही. मी थोरली, पण मला कोणी विचारलंही नाही.

बार मित्झवाने मात्र अडतं आणि सुटतं. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तोरा हा धर्मग्रंथ वाचतो आणि त्या वयापासून मिन्यानमध्ये धरला जातो. पारंपरिक रीतीने मिन्यान म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुष. नऊच जमले तर तोराचं सामूहिक वाचन होत नाही. अशा वेळी पोरगेला दहावा आला, की साऱ्यांचं काम होतं.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे हे तोरावाचन फार जुनं नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. सुंता, शनिवारचा शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पण तोराची गुंडाळी त्यांच्याजवळ उरली नव्हती. ग्रंथच नाही, तर मुलाने वाचायचं काय? मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. कोचीनहून शिकवणारे आले. 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा हेतू वेगळा होता, पण शिकणाऱ्यांनी आपल्याला हवं ते उचललं. आज वडिलोपार्जित वाटणारी गोष्ट पणजोबा-खापरपणजोबांनी अशी मोठेपणी गिरवून मिळवलेली आहे.

मग मुलींना सामील करण्याचा पुढचा बदल परका कसा? 1922 मध्ये न्यूयॉर्कला रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या मुलीने, ज्युडिथने, भर सभेत धर्मग्रंथ वाचला. 1925 मध्ये मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था उभी केली. पुढे कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिलेल्या या बाईंना धर्मातही बाईची जागा हवी होती. 1948 नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. अलिबागचं 1848 चं सिनेगॉग उभं आहे, पण कोकणात दहा पुरुष जमवणं अवघड होऊन बसलं.

न मोजलेल्याला मोजण्याची गोष्ट आमच्याकडेही आहे. आमच्या नरसीच्या संत नामदेवांना, जातीने शिंपी असल्याने, मुंजीचा अधिकार नव्हता. त्यांना उपदेश मिळाला तो औंढ्यालाच, विसोबा खेचरांकडून, असं वारकरी सांगतात. जिथे ज्याला मोजत नव्हते, तिथेच त्याला मोजलं गेलं. संस्कार नवा करायचा तो असा.

पुढच्या काळातल्या बार मित्झवाचा विचार करणाऱ्यांनी हॉल, केक आणि फोटो यांच्यात अडकू नये. मुलीकडूनही तोरा वाचून घ्यावी आणि तिला दहांत धरावं. नऊ पुरुष बसलेले असताना तिच्या येण्याने वाचन सुरू होणार नसेल, तर तो तिचा नुसता वाढदिवस झाला.