मेणवलीचा वाडा : रचना आणि परिभाषा

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरांवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस (१७४२–१८००) यांस हे गाव इ. स. १७६८ मध्ये मिळाले. पुढे त्यांनी तेथे वाडा, घाट आणि मेणेश्वर व विष्णू यांची देवालये बांधविली. या ग्रामीण निवासस्थानाचा विचार वास्तुकलेप्रमाणे शब्दांच्या अंगानेही करणे उपयुक्त ठरते.

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाटक’ यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ घर असा नाही, तर कुंपणाने बंदिस्त केलेली जागा असा आहे. तो अर्थ अद्याप लुप्त झालेला नाही. ‘मेंढवाडा’ हा शब्द त्याची साक्ष देतो. झाडीपट्टीत, आजच्या गोंदिया जिल्ह्यातही, घरामागील कुंपण घातलेल्या भाजीपाल्याच्या जागेस ‘वाडी’ म्हणतात. मेणवलीचा वाडा पाहता हा मूलार्थच दगडविटांत उतरला आहे असे दिसते. बाहेरून दिसते ती उंच तटबंदी; शोभा आहे ती आतल्या बाजूस. वाड्यास सहा चौक असून सारी दालने त्यांच्याभोवती मांडली आहेत. प्रकाश व वारा मुख्यतः चौकातूनच येतो. लाकडी खांबांवर मजल्याचा भार तोलला आहे आणि काही भिंतींवर जुनी चित्रे आहेत.

पेशवेकालीन वाड्यात बाहेरून आत जाताना भाषाही पालटते, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रवेशाचा ‘दरवाजा’ फारसी. परक्या माणसास भेटण्याचा ‘दिवाणखाना’ फारसी. कारभाराचे ‘दफ्तर’ही फारसीतूनच आलेले. स्वतः ‘फडणीस’ हे पद ‘फर्दनवीस’ याचे रूपांतर होय. परंतु आतले ‘दार’ द्वारापासून, ‘माजघर’ मध्यगृहापासून, ‘न्हाणीघर’ स्नानापासून आणि ‘कोठी’ कोष्ठापासून आली आहे. दरबारी भाषा दिवाणखान्यापर्यंत पोचली. चूल, देव आणि धान्य यांच्यापर्यंत तिचा शिरकाव फारसा झाला नाही.

तथापि शब्दाच्या व्युत्पत्तीवरून वास्तूचे रूप नेहमीच ठरते असे नव्हे. वेल्सच्या अँगलसी बेटावरील ‘प्लास न्यूइद’ हे जमीनदारी निवासस्थान वास्तुविशारद जेम्स वायट यांच्या हातून नव्याने घडले ते नानांच्या अखेरच्या वर्षांतच, म्हणजे १७९० नंतरच्या दशकात. वेल्श भाषेत ‘प्लास’ म्हणजे मोठे घर. तो शब्द मूळ लॅटिन ‘प्लातेआ’, म्हणजे रुंद मोकळी वाट, याच्याशी जोडलेला आहे आणि त्यामागील ग्रीक विशेषण संस्कृत ‘पृथु’ याचे सगोत्र आहे. येथेही मोकळ्या जागेचे नाव घरास मिळाले. मात्र घराची दर्शनी बाजू मेनाय सामुद्रधुनीकडे उघडली. मेणवलीसही पाणी सन्निध आहे, पण वाडा कृष्णेकडे खिडक्यांनी पाहत नाही; नदीशी त्याचा संबंध येतो तो घाटाच्या पायऱ्यांवरून, स्नान व देवदर्शन यांच्या निमित्ताने. घाटावरील देवालयापाशी १७०७ साल कोरलेली चर्चमधील मोठी घंटा आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती मराठ्यांच्या हाती आली असे मानले जाते.

नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीस राहिल्या. सत्तेचे केंद्र गेले, परंतु कागद राहिले. मेणवली दफ्तराचा मोठा भाग द. ब. पारसनीस यांनी संग्रहित केला. साताऱ्याच्या संग्रहालयातून तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. कागद असे स्थलांतर करू शकतात. वास्तू करू शकत नाही. पुण्यातील अनेक वाडे पाडले गेले, आणि चौक नाहीसा होताच ‘ओसरी’, ‘माजघर’ हे शब्द निराधार झाले. कोश त्यांचा अर्थ सांगेल. परंतु ओसरीवरून माजघरात जाताना उजेड कसा मंदावतो व आवाज कसा खाली येतो, हे उभा असलेला वाडाच सांगू शकतो. या दृष्टीने मेणवलीची वास्तू तिच्यातून गेलेल्या दफ्तराइतकेच महत्त्वाचे साधन होय.