ब्रायंट यांच्यानंतर

* अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला २५ हंगामांत ६ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक बेअर ब्रायंट १९८२च्या अखेरीस निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या रे पर्किन्स यांच्यावर चाहत्यांनी संघाच्या घसरणीचा ठपका ठेवला. तो मला अन्यायाचा वाटतो. १९८४मध्ये संघ ५ सामने जिंकला आणि ६ हरला, हे खरे. पण लोकांनी पर्किन्सना तोलले ते ब्रायंट यांच्या भरभराटीच्या वर्षांशी. ब्रायंट यांच्या अखेरच्या हंगामातच ८ विजय आणि ४ पराभव होते. उतरती कळा आधीच लागली होती. यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा दाखला दिला जातो : बॉब डेव्हनी यांच्यानंतर १९७३मध्ये आलेले टॉम ऑसबोर्न यशस्वी झाले, कारण ते डेव्हनींच्याच तालमीतले. मात्र पर्किन्सही ब्रायंट यांच्याच हाताखाली खेळले होते. खरा फरक काळाचा आहे. पर्किन्स ४ हंगामांनंतर, शेवटच्या वर्षी १० सामने जिंकून, व्यावसायिक संघाकडे गेले. ऑसबोर्न ओक्लाहोमाकडून सलग ५ वर्षे हरूनही टिकून राहिले, आणि त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले ते १९९४मध्ये, बाविसाव्या हंगामात.