सवलतीचे घर आणि भाडेवाढीचा तंटा

उदरनिर्वाहार्थ मुंबईस आलेल्या आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचा पहिला संसार चाळीतील एका खोलीत थाटला गेला. त्या खोलीचे भाडे किती असावे, ते कोणी वाढवावे आणि कराराची मुदत संपल्यावर बिऱ्हाड राहावे की जावे, या प्रश्नांनी दोन-तीन पिढ्यांना घोर लावला. हा तंटा आजचा नव्हे. त्यास शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई होऊन भाडी कडाडली, म्हणून १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. परंतु निर्बंधाने नवी घरे उभी राहत नाहीत. यास्तव गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, सरकारने विकास खाते काढले. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्या उत्पन्नाच्या आधारे ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. याच बी.डी.डी. चाळी होत. सुमारे १६० चौरस फुटांच्या त्या खोलीचे भाडे बांधकामाच्या खर्चास पुरे पडणारे नव्हते. तूट सरकार सोशीत असे. तरीही ते गिरणीकामगारास जड वाटे, आणि आरंभीची कित्येक वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या.

पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः ‘प्रमाणभूत भाडे’ ठरले. करारपत्राची मुदत संपली, तरी योग्य भाडे देऊन अटी पाळणाऱ्या भाडेकरूस केवळ त्या कारणाने घराबाहेर काढता येईना. मात्र सरकारी व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या इमारतींस हा कायदा लागू नव्हता. म्हणजे ज्याचे भाडे सरकारी सवलतीने कमी, त्याच्या डोक्यावर कायद्याचे छत्र नव्हते! ज्या हाताने सवलत दिली, त्याच हाती ती काढून घेण्याचाही अधिकार होता.

या अधिकारास मर्यादा आहे, हे न्यायालयांनी कालांतराने स्पष्ट केले. मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या भाडेकरूंनी भाडेवाढ व भाडेपट्टे यांवरून दीर्घकाळ झुंज दिली. सार्वजनिक मालकाने भाडेकरूशी न्यायाने व सयुक्तिकपणेच वागले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. आणि २००४ साली, भाडे वाढविण्याचा हक्क मान्य करूनही, नफेखोर मालकाप्रमाणे वागण्याची मोकळीक त्यास नाही, असे बजावले.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. खाजगी चाळींची भाडी गोठली, तशी डागडुजी थांबली आणि पागडी वाढली. भाडेकरूचे बिऱ्हाड सुरक्षित झाले, पण त्यावरील छप्पर मोडकळीस आले. हे गोठलेले भाडे काळानुरूप न राहता अवाजवी झाले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली, करार लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरविले, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन उघड आहे. ज्ञातीच्या निधीतून बांधलेल्या इमारतींत अल्प भाड्याने राहणारे आपलेच बांधव असतात आणि विश्वस्तही आपलेच. धर्मादाय हेतूची इमारत म्हणून ती कायद्यातून आपोआप सुटत नाही. त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते. तेथे भाडेवाढीचा प्रश्न निघाला, की एक पक्ष ‘कृतघ्नता’ म्हणतो, दुसरा ‘जुलूम’ म्हणतो, आणि लग्नकार्यातील येणेजाणेही बंद होते. हे टाळणे अशक्य नाही. सवलत किती व किती मुदतीची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि वाढ कोणत्या हिशेबाने, हे आरंभीच लिहून ठेवावे. विश्वस्तांनी जमाखर्च भाडेकरूंपुढे मांडावा. भाडेकरूंनी भाडे वेळेवर देऊन पावती जपावी. तोंडी उपकारापेक्षा लेखी करारानेच आप्तभाव अधिक टिकतो, हीच या शंभर वर्षांची शिकवण होय.